सिस्टरांचा दगड

शहापुरात निघणाऱ्या एका स्मरणिकेचा ताजा अंक कोणीतरी आणून माझ्या हातात ठेवला. मधल्या पानावर सिस्टरांचे छायाचित्र होते आणि खाली, त्यांच्या नावाच्या आधी, 'कै.' असे छापले होते. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा वाचले. अक्षर हलले नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला अशा बातमीचा धक्का बसत नाही, असा तरुणांचा समज असतो. मला बसला, आणि त्यामागोमाग संताप आला.

लेखकमहाशयांनी दोन पाने भरली आहेत. सिस्टर वारल्या, असे त्यांत आहे. त्या जग वगैरे काही फिरल्या नव्हत्या, नेपाळात एका आश्रमात वर्षभर बसून आल्या होत्या, असे आहे. आणि परतल्यावर सिद्धगडाखालच्या एका वाडीने समुद्र ओलांडल्याच्या पापाबद्दल मुंडण करून त्यांची शुद्धी केली आणि त्या अपमानाने त्या ढसाढसा रडल्या, असेही आहे. नेपाळला जाताना समुद्र कोठे ओलांडावा लागतो, हे लेखकाने सांगितलेले नाही. ते वाडीवर कधी गेले नाहीत हे मात्र वाक्यावाक्यातून दिसते. त्यांनी वाडीला डांबरी रस्ता दिला आहे, जो सरकारने अद्याप दिलेला नाही.

मी मुरबाडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. स्थळ न पाहता केलेला पंचनामा काय लायकीचा असतो, हे मला कोणी शिकवू नये. सिस्टर माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होत्या. त्यांनी निरोप घेतला तो माझ्या अंगणात, परत आल्या त्या माझ्या दारात, आणि वाडीवर जे घडले तेव्हा मी तेथे उभा होतो. म्हणून हे लिहितो.

सिस्टर म्हणजे सरकारी परिचारिका. लग्न केलेले नव्हते, आणि का केले नाही हे विचारण्याची हिंमत फक्त माझ्या पत्नीने एकदा केली, तेव्हा "वेळ झाला नाही, वहिनी" एवढेच उत्तर मिळाले. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्या त्यांच्याकडे होत्या. पांढरी साडी, तिच्याखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पिशवीला बांधलेला पोपटी मुलाम्याचा मग, ज्यात त्या दिवसभर कोरा चहा पीत. ही बाई गेटमधून आत येताना आधी मगाचा खडखडाट ऐकू येई आणि मग त्या दिसत. जे पिशवीत मावत नाही ते आपले नाही, असे त्यांचे एक ठाम मत होते. आमच्या मागच्या खोल्यांत म्हणूनच एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक खाट याखेरीज काही नव्हते. माझ्या पत्नीने हौसेने दिलेली फुलदाणी त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिली होती.

दुसरी खोड अधिक विलक्षण होती. बाळ जन्मले, रडले, पुसून झाले, की आईच्या कुशीत देण्याआधी सिस्टर त्याच्या कानाशी वाकत आणि त्याला तो कोठे आला आहे ते सांगत. माझा नातू माझ्या घरी जन्मला तेव्हा दाराबाहेर मी हे स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. "हे मुरबाड," त्या शांतपणे म्हणत होत्या. "जिल्हा ठाणे. ही तुझी आई. आज ऊन आहे. बाहेर तुझे आजोबा येरझाऱ्या घालताहेत. ते तापट आहेत, पण चावत नाहीत." घरातली सारी माणसे हसली. मी हसलो नाही. एका सरकारी नोकराने दुसऱ्या सरकारी नोकराविषयी नवजात अर्भकाचे मत कलुषित करणे मला पसंत पडले नव्हते.

आणि तिसरी खोड म्हणजे त्यांचा प्रश्न. कोणी म्हणाले, मी अमक्या गावचा, की त्या विचारत, "आणि त्याच्या पलीकडे?" घाटावरून आलेल्या गुराख्याला, एस.टी.च्या कंडक्टरला, तपासणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना, सर्वांना हाच प्रश्न. वाडीतली सुईणआजी त्यांना चिडवीत असे की पलीकडे दुसरा डोंगर आहे, बाय, आणि त्याच्याही पायथ्याला कोणीतरी कण्हत असेल, तू आधी अलीकडची बघ. ही सुईणआजी म्हणजे वाडीतल्या तीन पिढ्या जिच्या हातात पडल्या ती बाई. सरकारने सिस्टरांना पाठवले तेव्हा तिने त्यांना पहिले वर्षभर उंबरठ्याच्या आत घेतले नव्हते. पुढे दोघींचे असे जमले की एकीला सोडून दुसरी बाळंतपणाला गेली तर रुसवे होत.

जग पाहण्याचे खूळ सिस्टरांच्या डोक्यात कोणी भरले, याविषयी वाशिंदला राहणारे त्यांचे धाकटे बंधू निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या कथा सांगतात. त्यांतल्या एकीत खलनायक मी आहे. खरी गोष्ट अगदी साधी आहे. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. सिद्धगड चढायला आलेली एक परदेशी मुलगी पाय मुरगळून खाली आली आणि उपकेंद्राच्या ओट्यावर बसली. तिच्या पाठीवर तिच्याएवढी सॅक होती. सिस्टरांचे इंग्रजी औषधांच्या नावांपलीकडे जात नव्हते, तरी पाय बांधता बांधता त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मुलीने हाताने हवेत मोठे वर्तुळ काढले. ती पण परिचारिकाच होती. एक वर्ष काम थांबवून ती पाठीवर घर घेऊन पृथ्वी पाहत निघाली होती.

त्या संध्याकाळी सिस्टर माझ्या पडवीत येऊन टेकल्या. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, नोकरी सोडता येते हे मला ठाऊक होतं. थांबवता येते हे ठाऊक नव्हतं."

मी त्यांना असाधारण रजेचा नियम सांगितला. हो, मीच सांगितला. बंधूंच्या कथेत एवढाच खरेपणा आहे. परंतु एखाद्याने नियम विचारला आणि आपण सांगितला, म्हणजे आपण त्याला विमानात बसवले असे होत नाही. पुढे त्या काय मागणार आहेत हे कळल्यावर मी जेवढा विरोध केला तेवढा त्यांच्या सख्ख्या भावाने केलेला नाही. पन्नाशीकडे झुकलेली, एकटी, इंग्रजी न येणारी बाई कुठल्या देशात कुठल्या धर्मशाळेत झोपणार, असे मी विचारले. वरिष्ठ विनापगारी रजेवर असे जाऊ देणार नाहीत, असे बजावले. कचेरीतल्या लिपिकाने कारणाच्या जागी आजारपण लिहायला सुचवले होते. सिस्टरांनी तेथे 'जग पाहणे' असे लिहिले. तो अर्ज ज्या ज्या टेबलावर गेला तेथे तेथे माणसे खुर्चीतून उठून दुसऱ्याला दाखवायला गेली, असे मला नंतर कळले.

शेवटी मी चिडून विचारले की, सिस्टर, या सगळ्याची गरज काय. तेव्हा त्यांनी हे उत्तर दिले.

"भाऊसाहेब, इतकी वर्षं मी पोरांच्या कानात सांगते आहे, बाळा, तू जगात आलास. जग म्हणजे काय, मी पाहिलंय का? कल्याणपलीकडे दोनदा गेले असेन. तुम्ही स्थळ न पाहता पंचनाम्यावर सही कराल?"

मी पंचनाम्यावर अशी सही कधी केली नव्हती आणि त्यांना ते माहीत होते.

रजा मंजूर झाली. निघण्याच्या आधी त्यांनी एक गोष्ट केली जिचे पुढे सारे रामायण झाले. नवी सॅक आणली, ती भरली, आणि जे मावले नाही ते वाटून टाकले. वाडीवर जाऊन घोंगडी एका बाळंतिणीला दिली, काठी एका म्हाताऱ्याला दिली आणि पोपटी मग सुईणआजीच्या हातात ठेवला. आता त्या वाडीची रीत अशी की जिवंत माणसाची घोंगडी, काठी आणि खाण्यापिण्याचे भांडे दुसऱ्याच्या घरी जात नाही. ते माणूस संपल्यावर जाते. आजीने मग दोनदा परत केला, असे बाजाराला येणाऱ्या बायांनी मला सांगितले. सिस्टरांना रीत ठाऊक नव्हती असे नाही. पण पिशवीत मावत नाही ते आपले नाही, हे त्यांचे मत रीतीहून बळकट होते. त्यांनी मग तिच्या चुलीशेजारी ठेवला आणि त्या निघून आल्या.

मग पोस्टकार्डे येऊ लागली. वाडीला टपाल धड पोहोचत नसे, म्हणून ती माझ्या पत्त्यावर येत आणि बाजाराच्या दिवशी करवंदाच्या टोपल्या घेऊन आलेल्या वाडीतल्या बाया माझ्या पडवीत टेकल्या की मी ती वाचून दाखवीत असे. एकावर हत्ती होता. एकावर पांढऱ्या भिंतींचे गाव होते. एकावर मेंढीसारखा पण उंटासारख्या मानेचा एक प्राणी होता. तो प्राणी नेपाळात होत नाही. मी चौकशी केलेली आहे. मजकूर प्रत्येक वेळी एकदोन ओळींचाच. देवळे, इमारती, समुद्र यांविषयी अवाक्षर नाही. "इथे बाया छताला दोर बांधून तो धरून बाळंत होतात." "इथे नाळ घराच्या उंबऱ्याखाली पुरतात." "इथेही बाळ रडलं की बाया हसतात. आपल्यासारख्याच." बाया ऐकत, एकमेकींना कोपराने ढोसत आणि हसत. आमच्या सिस्टरबायला तिकडं पन दुसरं काय दिसत नाय, असे एक जण म्हणाली.

दिवाळीच्या सुमारास कार्डे थांबली. पुढे काही आठवड्यांनी, शेणव्याला वीटभट्टीवर कामाला गेलेल्या वाडीतल्या एका माणसाने चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर बातमी पाहिली. कुठल्याशा लांबच्या देशात बोट उलटली होती आणि बुडालेल्यांत एक भारतीय नर्स होती. त्याने चहा तसाच ठेवला आणि तो वाडीकडे चालत सुटला.

मी वाडीला निरोप धाडला की थांबा, जगात भारतीय नर्सा पुष्कळ आहेत, मी चौकशी करतो. ते थांबले नाहीत, आणि त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्या स्मरणिकाकारांनी त्यांचे कारण तरी ऐकावे. परमुलखात मेलेल्या माणसाचा वेशीवर दगड मांडतात, म्हणजे त्या जिवाला बसायला जागा होते. आणि मेलेली बाई सुईणीचे काम करणारी असेल, तर ती जागा मिळेपर्यंत प्रत्येक बाळंतिणीच्या दारात आपले काम शोधीत येते, असे ते मानतात. वाडीत तेव्हा दोन पोरींना दिवस गेलेले होते. घोंगडी, काठी, मग आधीच घरोघर जाऊन बसले होते. त्यांच्या हिशेबात काही बाकी राहिलेच नव्हते. त्यांनी कोंबडा दिला, जेवण घातले आणि वेशीवरच्या ऐनाच्या झाडाखाली सिस्टरांचा दगड मांडला.

होळी होऊन गेली आणि एका सकाळी माझ्या गेटाची कडी वाजली. मी वर पाहिले. सिस्टर उभ्या होत्या. रापलेल्या, निम्म्या झालेल्या, बुटांना दोऱ्यांऐवजी सुतळी, आणि डोक्यावरचे केस पुरुषासारखे आखूड. माझ्या हातातला तांब्या खाली पडला, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. परमुलखात डोंगरावरच्या कुठल्याशा दवाखान्यात त्या तापाने महिनोन्‌महिने पडून होत्या, तेथेच केस कापले होते आणि कार्डे तेव्हाच थांबली होती. मुंडणाची जी कथा छापली आहे तिचे मूळ हे असे आहे. त्याच दिवशी माझ्या पत्नीने त्या डोक्यावर वाटीभर तेल थापले. तिने त्या मागच्या खोल्या वर्षभर कुलूप उघडून झाडल्या होत्या; मी त्या दुसऱ्या भाडेकरूला दिल्या असे म्हणणारा मुरबाडात जो कोणी आहे, त्याने समोर येऊन म्हणावे.

वाडी तुम्हाला मेलेली समजते, हे मी सिस्टरांना सांगितले. दगडाचे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या हसल्या आणि म्हणाल्या की उद्या जाऊन आजीला घाबरवते. त्या लोकांना दोन शब्द सुनवावेत म्हणून मीही बरोबर निघालो.

एस.टी. सोडून आम्ही चढून गेलो. वेशीवर ऐनाखाली तीन जुने दगड होते आणि चौथा नवा, ताज्या शेंदराचा. त्याच्यापुढे पोपटी मग होता, कडेला टवका उडालेला, आणि त्याच्या तळाशी वाळलेला चहा. सिस्टर थांबल्या. वाकून त्यांनी मग उचलला, फिरवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. त्यांचे हसू तेथेच, तोंडावर अर्धे, राहून गेले. पलीकडे खेळणारी दोन पोरे ओरडून पळाली.

तेवढ्यात पहिल्याच झोपडीतून कण्हण्याचा आवाज आला. तो आवाज ऐकल्यावर या बाईला दुसरे काही सुचत नसे. मग खाली ठेवला, सॅक टाकली, दारातल्या घागरीतून पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि त्या दाराकडे गेल्या. दारात सुईणआजी येऊन उभी राहिली. चौकटीला दोन्ही हात लावून.

"आत येव नको, बाय."

"आजी, मी आहे. ओळखलं नाहीस?"

"वळखली. म्हनून तर सांगते. तू मेलीस. तुजं दिस घातले, तुजा दगूड मांडला. आता तुजा हात पोरीला लागायचा नाय."

मी पुढे झालो. जिवंत माणसाला मृत ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे, याविषयी मी बोलू लागलो. आजीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"भाऊसायेब, तुमच्या कचेरीत मेलेला मानूस येवन हुबा ऱ्हायला, तर तुमी त्याला जित्ता धरता काय? कागूदच मागता ना?"

याला उत्तर होते. परंतु आत बाई कण्हत असताना ते देण्याचा प्रसंग नव्हता.

दार लागले. सिस्टर कुडाच्या भिंतीशी उभ्या राहिल्या, धुतलेले हात तसेच समोर धरून, कशालाही न लावता, पाणी कोपरावरून टपकत. आतला प्रत्येक आवाज त्या ओळखत होत्या. त्यांची बोटे त्या आवाजांबरोबर हलताना मी पाहिली. ऊन डोक्यावर आले. मग बाळ रडले आणि आतल्या बाया हसल्या. सिस्टरांनी कुडाला तोंड लावले आणि त्या सांगू लागल्या, "ही तुझी वाडी. तालुका मुरबाड..."

"गप," आतून आजीचा आवाज आला. "मेलेल्याचं बोलनं पोराच्या कानी पडू नये."

मी माझ्या नोकरीत जमिनीवरून झालेले खून पाहिले, घरेदारे वाहून गेलेली पाहिली. तरी त्या शब्दांनी सिस्टरांचा चेहरा जसा झाला तसा चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही. त्या मागे सरकत सरकत ऐनापर्यंत गेल्या आणि स्वतःच्या दगडाशेजारी मातीत बसल्या. ज्या एका कामासाठी त्यांनी लग्न, घर, फुलदाणी काही ठेवले नव्हते, ते काम जग पाहून परत आल्याबरोबर त्यांच्या हातातून गेले होते. आणि ते काढून घेणारी दुसरी कोणी नव्हती, आजी होती.

बऱ्याच वेळाने आजी हात पुसत बाहेर आली आणि जरा अंतर ठेवून बसली. तिचेही डोळे लाल होते. हे स्मरणिकेत नाही.

"पोरगी झाली," ती म्हणाली.

"वजन?"

"चांगलं हाय." तिने पदराला हात पुन्हा पुसले. "तुला सांगत होते, तुजा मग मला देव नको."

"मग आता मी काय करू, आजी?"

"मेलेलं मानूस परत येतंय, त्याची वाट एकच. तुजी-माजी रोजचीच हाय. जलमावं लागंल."

सिस्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. "कोणाच्या पोटी?"

"माज्या. दुसऱ्या कोनाला तू झेपायची गो?"

मी हे ऐकून उठलोच. पन्नाशीची, शासनाच्या सेवेतली बाई. आरोग्य खात्यात हे कळले तर काय होईल, वाशिंदला कळले तर काय होईल, हे सगळे मी बोललो. सिस्टरांनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "भाऊसाहेब, वर्षभर मी हेच बघत हिंडले, बाया जन्म कसा देतात. जन्माला येणं कसं असतं ते बघायचं राहिलंय. तेवढं स्थळ पाहू द्या." आणि त्या उठून आजीच्या मागे तिच्या झोपडीत गेल्या. दार लावून घेतले.

मी एकटा खाली आलो. पत्नीला सांगितले तेव्हा तिने भाकरी थापता थापता हात थांबवला आणि विचारले की पाचव्या दिवशी बाळंतविड्याचे काय न्यायचे. वाशिंदच्या बंधूंना मी निरोप धाडला. त्यांना कंपनीतून रजा मिळाली नाही. तरीही ते आज तेथले वर्णन डोळ्यांनी पाहिल्यासारखे करतात आणि बहिणीला पाळण्यात घालून हलवले असे सांगतात. पाळणा नव्हता. झोळी होती.

पाचवीच्या दिवशी मी आणि पत्नी वर गेलो. आजीच्या अंगणात आंब्याच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. पाटा-वरवंट्याची पूजा झालेली होती. ते पाच दिवस सिस्टरांना अंधारात ठेवले होते, पातळ पेज पाजली होती आणि एक शब्द बोलू दिला नव्हता. आता चार बायांनी त्यांना धरून बाहेर आणले, लुगड्यात गुंडाळलेल्या, ऊन लागून डोळे मिचकावीत, आणि झोळीत बसवले. फांदी वाकली. पुरुषांपैकी कोणाला तरी हसू फुटले; एका बाईने त्याच्याकडे असे पाहिले की तो कुडामागे गेला. मी या गोष्टीच्या विरुद्ध होतो, आणि तरीही सांगतो की त्या अंगणात थट्टा नव्हती.

आजी झोळीपाशी आली. कोपरापर्यंत हात धुतलेले होते. ती सिस्टरांच्या कानाशी वाकली. पण म्हातारीचा आवाज मोठा, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आले.

"ही वाडी. तालुका मुरबाड. जिल्ला ठाना. मी तुजी आय. आज ऊन हाय." तिने झोळीची कड धरली. "पलीकडं काय हाय ते आमाला म्हाईत नाय. ते तू सांग."

सिस्टर गप्प होत्या. आजी वाट पाहत राहिली. बाया पुढे सरकल्या. बाळ जन्मले आणि रडले नाही तर काय, हे त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होते, आणि एकेकीचा चेहरा खरोखर उतरू लागला. माझ्या पत्नीने माझा दंड धरला. शेवटी आजीने लुगडे वर सारले, सिस्टरांचे पाऊल हातात घेतले आणि तळव्यावर एक सणसणीत चापट दिली.

त्या रडल्या. लेखकमहाशयांचे एवढे मात्र बरोबर आहे की ढसाढसा रडल्या. तोंड उघडून, हात आवळून, श्वास अडकून पुन्हा मोकळा होत, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे. आणि ते रडणे ऐकल्याबरोबर अंगणातल्या साऱ्या बाया हसल्या. माझी पत्नीही हसली, डोळे पुसता पुसता. या रडण्याला अपमान म्हणणाऱ्याने एकदा तरी बाळंतिणीच्या दाराबाहेर उभे राहावे. आतून रडणे आले नाही, तर तो स्वतःच गुडघ्यांवर येईल.

त्याच महिन्यात दुसऱ्या पोरीला कळा सुरू झाल्या तेव्हा वाडीचा माणूस धावत माझ्या गेटावर आला, आणि सिस्टर बुटांची सुतळी बांधायलाही थांबल्या नाहीत. दगड काढून टाकायचा ठरला तेव्हा त्याच म्हणाल्या की, राहू दे आजी, कधीतरी लागेल. आजीने त्याचा शेंदूर धुऊन तो आपल्या झोपडीमागे पालथा घातला.

पुढे त्या नियमाने निवृत्त झाल्या आणि दोन पावसाळ्यांपूर्वी पुन्हा सॅक घेऊन निघाल्या. या खेपेला आजी स्वतः डोंगर उतरून माझ्या अंगणात आली होती. कोणाला काय दिले का, याची तिने झडती घेतली, सॅकेला मग स्वतःच्या हाताने बांधला आणि काठीही घ्यायला लावली. एस.टी. वळेपर्यंत मगाचा खडखडाट ऐकू येत होता. शिमग्यापासून कार्ड आलेले नाही, हे खरे आहे. त्यावरून बंधूंनी दिवस घालण्याचा मुहूर्त काढला आहे आणि स्मरणिकेने 'कै.' छापून टाकले आहे.

अंक घेऊन मी वाडीवर गेलो. या वयात चढवत नाही, तरी गेलो. झोपडीमागे आजी हिरडे फोडीत बसली होती, त्याच पालथ्या दगडावर. मी तिला छायाचित्र दाखवले आणि खालचे अक्षर वाचून त्याचा अर्थ सांगितला. तिने छायाचित्राकडे पुष्कळ वेळ पाहिले, मग अंक माझ्याकडे परत दिला.

"कोन म्हनतं मेली?" ती म्हणाली. "त्याला सांगा, भाऊसायेब. दगूड माज्याकडं हाय."

आणि तिने पुढचा हिरडा त्यावर ठेवला.